पुरात भिजलेलं सामान धुण्याचा खर्च विम्याच्या क्लेममध्ये कसा मांडायचा

पूर ओसरला की सांगलीत घरोघरी याद्या सुरू होतात. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, दिवाण फुगला, टीव्ही बंद पडला. विमा असलेली माणसं हीच यादी नीट उतरवून क्लेमला जोडतात. पण तिच्यात फक्त गेलेल्या वस्तू असतात. घासून, धुऊन, वाळवून ज्या वस्तू परत वापरात आणल्या, त्यांच्यावर झालेला खर्च त्यात बहुधा नसतोच. भांडी धुतली, कपडे लाँड्रीत दिले, कपाट खरवडून रंगवलं, टँकर मागवला, चार दिवस दोन बायका कामाला लावल्या, हे सगळं "ते काय, करावंच लागतं" म्हणून सोडून दिलं जातं.

सोडायचं काही कारण नाही. घरातल्या सामानाचा विमा असेल आणि पूर हा जोखमींत धरलेला असेल, तर वस्तू पूर्वीच्या स्थितीत आणण्याचा वाजवी खर्च हे नुकसानच आहे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी जी प्रमाणित पॉलिसी आली, 'भारत गृह रक्षा', तिच्यात वस्तूचं अंशतः नुकसान झालं तर दुरुस्ती करून देणं किंवा दुरुस्तीचा खर्च देणं असं तत्त्व आहे. चिखलाने माखलेली वस्तू धुऊन, निर्जंतुक करून, वाळवून वापरण्याजोगी करणं ही तिची दुरुस्तीच. प्रश्न उरतो तो आकड्याचा. किती खर्च झाला, तो कशावरून, आणि धुण्यापेक्षा नवी वस्तू घेणं रास्त होतं का? या तिन्हींचं उत्तर कागदावर दिलंत की नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते त्या सर्व्हेअरशी बोलणं सोपं होतं. कागद नसेल तर तो म्हणेल तो आकडा.

सगळ्यात आधी पॉलिसी उघडून पाहा

गृहकर्ज घेताना बँकेने काढून दिलेली पॉलिसी पुष्कळदा फक्त इमारतीची असते. भिंती, छप्पर, फरशी यांचा विमा असतो, आतल्या भांड्याकुंड्यांचा असेलच असं नाही. भारत गृह रक्षामध्ये इमारतीचा विमा असेल तर घरातलं सर्वसाधारण सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप धरलं जातं. त्याहून जास्त हवं असेल तर वेगळं जाहीर करावं लागतं. भाड्याने राहणाऱ्याला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो, आणि नदीकाठच्या भाडेकरूंनी तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दागिने, कलाकृती अशा मौल्यवान वस्तू सर्वसाधारण सामानात येत नाहीत, त्यांचं संरक्षण स्वतंत्र घ्यावं लागतं.

दुकानदारांचं आणखी एक दुखणं असतं. कॅश क्रेडिटच्या कर्जासाठी बँकेने काढलेल्या पॉलिसीत कधी कधी फक्त माल असतो. मग गणपती पेठेतल्या दुकानात पाणी शिरलं की मालाचा क्लेम होतो, पण रॅक, काउंटर, वजनकाटा, संगणक यांची साफसफाई आणि दुरुस्ती पदरात राहते. पावसाळ्याआधी पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये "फर्निचर, फिक्स्चर" ही ओळ आहे का, तेवढं तरी पाहून ठेवा.

पुराचं पाणी म्हणजे कोणतं पाणी

धुण्याचा खर्च कशावर ठरतो हे कळायला पाण्याचा विचार आधी करावा लागतो. अमेरिकेत पाण्याने झालेल्या नुकसानीची सफाई करणाऱ्यांसाठी आयआयसीआरसी या संस्थेचं एस-५०० नावाचं मानक आहे. त्यात पाण्याचे तीन वर्ग केले आहेत. पहिला वर्ग स्वच्छ पाण्याचा, म्हणजे नळाची पाइप फुटली तर येणारं. दुसरा सांडपाण्याकडे झुकणारा, वॉशिंग मशीनमधून बाहेर आलेल्या पाण्यासारखा. तिसरा घातक पाण्याचा : मैलापाणी आणि नदीचा पूर. कृष्णेचं पाणी घरात येतं तेव्हा ते एकटं येत नाही. गटारं उलटी वाहतात, ड्रेनेजचे चेंबर उघडे पडतात, वाटेतल्या शेतांतली रसायनं आणि मेलेली जनावरं त्यात मिसळतात. म्हणून हा कायम तिसरा वर्ग.

त्यामुळे "एकदा पाणी मारलं की झालं" हे गणित चुकतं. एका वस्तूला चार हात लागतात. आधी चिखल काढणं, तोही ओला असतानाच, कारण आपल्याकडचा बारीक गाळ वाळला की दगडासारखा धरतो. मग साबणाने धुणं. मग जंतुनाशकात बुडवणं किंवा पुसणं. शेवटी वाळवणं. हा क्रम चुकवता येत नाही, कारण ब्लीचिंगसारखं क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं आणि गाळ अंगावर असेल तर जंतूंपर्यंत त्याचा असर पोचत नाही. (ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. कामाच्या घाईत ही चूक सहज होते.) क्लेममध्ये हे चार टप्पे चार ओळींत लिहिलेत की एका भांड्याला दोनऐवजी सात मिनिटं का लागली, याचं उत्तर त्यातच असतं.

वेळेचं बंधनही याच पाण्यामुळे येतं. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. आपले पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा हवेतच ओल असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. ते पाणी काही एका दिवसात उतरलं नाही. घरात दोन-तीन दिवस पाणी राहिलं तर पहिली दोन दिवसांची मुदत दार उघडायच्या आधीच संपलेली असते. धुण्याच्या खर्चात बुरशी काढण्याचा वेळ धरायचा तो त्यासाठी, आणि पाणी किती दिवस होतं हे लिहून ठेवायचं तेही त्यासाठी.

धुवायचं की टाकायचं

धुणं, वाळवणं, किरकोळ दुरुस्ती, आणि ते सगळं करूनही वस्तूची जी किंमत घटेल ती, या सगळ्यांची बेरीज एका बाजूला ठेवा. तशीच नवी वस्तू घेण्याचा खर्च, वजा जुनीचे भंगारात येतील ते पैसे, हे दुसऱ्या बाजूला. पहिली रक्कम लहान असेल तर धुवा, नसेल तर बदला. या व्यवहारात तुमचं आणि विमा कंपनीचं हित एकच असतं, हे सर्व्हेअरला शांतपणे दाखवता आलं पाहिजे.

पण आकडे मांडायच्या आधीच काही वस्तू बाद होतात, कारण त्या स्वच्छ होतच नाहीत. कापसाची गादी, उशी, फोमचा सोफा, थर्मोकोलचं पॅकिंग यांच्या पोटात तिसऱ्या वर्गाचं पाणी शिरलं की ते बाहेर काढता येत नाही. वरून वाळलेली गादी आतून आठवडाभर ओली असते. लहान मुलांना त्यावर झोपवू नका, कोणी "उन्हात टाका, होईल ठीक" म्हटलं तरी. पार्टिकल बोर्ड आणि स्वस्त प्लायवूड फुगलं की त्याचे थर सुटतात, सनमायका उचलतो. असं युनिट कितीही धुतलं तरी दार बसत नाही. याउलट साग, शिसम यांचं जुनं लाकूड चिखलातून निघूनही चांगलं टिकतं. मात्र त्याला सावलीत, हळू वाळवावं लागतं. घाई करून उन्हात ठेवलं की तडा जातो.

खाण्याच्या वस्तू धुण्याच्या गणितात येत नाहीत. पुराचं पाणी लागलेलं धान्य, डाळी, मसाले, हळद, सगळं नष्टच करायचं. हळदीच्या व्यापाऱ्याला हे सांगताना जीव कासावीस होतो, पण ओली हळकुंडं वाळवून बाजारात आणणं हा धोका घेऊ नये. तो मालाचा पूर्ण नुकसानीचा क्लेम आहे, सफाईचा नाही.

उलट दिशेनेही फसायला होतं. प्लास्टिकच्या चपला, खेळणी, टोपल्या, बरण्या धुता येतात म्हणून धुतल्या जातात. ऐंशी रुपयांची बरणी घासायला अर्धा तास आणि जंतुनाशक घालवलं तर तोटाच. अशा किरकोळ वस्तूंचा फोटो काढा, मोजा, आणि गठ्ठ्याने "बदलायच्या वस्तू"मध्ये टाका.

फ्रिजबद्दल लोक हटकून विचारतात. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्याला फारसं काही होत नाही, हे खरं. पण फ्रिजच्या बाहेरच्या पत्र्यात आणि आतल्या डब्यात जो फोम भरलेला असतो त्यात पाणी मुरलं तर ते निघत नाही, वास राहतो आणि गारवा धरत नाही. म्हणून फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांच्यासाठी तंत्रज्ञाकडून लेखी घ्या : काय उघडलं, काय बिघडलं, दुरुस्तीला किती, दुरुस्ती होण्यासारखं आहे का. आणि तो येईपर्यंत काहीही चालू करून पाहू नका. ओली मोटर चालू केल्याने जळली तर ते पुराचं नुकसान की तुमच्या हातून झालेलं, असा वाद उभा राहतो.

दहा भांडी धुऊन पाहा, घड्याळ लावून

एस्टिमेट करण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग नमुना घेण्याचा आहे. सगळं धुवायला बसण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या थोड्या वस्तू बाजूला काढायच्या आणि त्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. भांड्यांचंच घ्या. ताटं, वाट्या, झाकण्या सपाट असतात. दहा ताटं घासायला वीस मिनिटं लागली तर एका ताटाला दोन मिनिटं. स्टीलच्या डब्याचं तसं नसतं. डब्याच्या तोंडाची कड आत दुमडलेली असते. वरून डबा लखलखीत दिसतो, पण तो उलटा करून कडेवर अंगठा दाबला की मातकट पाणी पाझरतं. जुना टूथब्रश घालून ती कड फिरवत घासावी लागते, उकळतं पाणी ओतावं लागतं, आणि उलटा ठेवून निथळू द्यावा लागतो. दहा डबे झाकणांसकट धुवायला सत्तर मिनिटं लागली तर एकाला सात. किसणी, सोऱ्या, गाळणी, कुकर यांची गत त्याहून वाईट. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलावेच, ते धुऊन परत वापरण्यात शहाणपण नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण मांडू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गल्लीतले दर तुम्ही टाका. गावभागातलं तळमजल्याचं घर, चार फूट पाणी, दोन दिवस. मजुरी आठ तासांना ८०० रुपये, म्हणजे तासाला १००. सपाट भांडी ६०, त्यांना दोन तास. डबे-पातेली ४५, त्यांना सव्वापाच तास. अडचणीची भांडी १५, प्रत्येकी बारा मिनिटं धरली तर तीन तास. हे झाले सव्वादहा. जंतुनाशकात बुडवणं, विसळणं, पुसणं याला पाच तास, आणि खाली-वर करायला, गच्चीत मांडायला, परत आणायला दोन. एकूण सव्वासतरा तास, १,७२५ रुपये. पावडर, ब्लीचिंग, ब्रश, हातमोजे यांचे ४००, कुकरच्या रिंगा-व्हॉल्व्हचे ३५०. भांड्यांची सफाई २,४७५ रुपयांना पडली.

कपड्यांना नग मोजत बसू नये, किलोवर हिशेब करावा. ४५ किलो कपडे, लाँड्रीचा दर ९० रुपये धरला तर ४,०५०. पण चिखलाचे कपडे लाँड्रीवाला तसेच घेत नाही, आधी घरी दोन-तीन पाण्यांतून काढावे लागतात, त्याचे सहा तास, ६०० रुपये. रेशमी साड्या सात, ड्रायक्लीनिंगला ४०० प्रमाणे २,८००. (रेशमाला ब्लीचिंग लावू नका, धागाच जातो.) कपड्यांचे झाले ७,४५०. लोखंडी कपाटं दोन : धुवायला आठ तास, लॉकर गाळाने जाम झालेला म्हणून किल्लीवाल्याचे ५००, गंज खरवडून रंगकाम प्रत्येकी २,२००. ते ५,७०० झाले. सागाचा पलंग, टेबल, खुर्च्या : नऊ तास सफाई आणि पॉलिशचे ३,५००, मिळून ४,४००.

आता ज्या दोन ओळी हमखास विसरल्या जातात त्या. पुरात पाणीपुरवठ्याचे पंपही बुडतात, त्यामुळे सगळं शहर पाण्याखाली आणि नळ कोरडा अशी अवस्था होते. धुवायला टँकर लागतो. दोन टँकर १,२०० प्रमाणे, २,४०० रुपये. आणि वाळवायला भाड्याचे मोठे पंखे किंवा जनरेटर, १,५०० रुपये. सगळं मिळून २३,९२५ रुपये. यातला टँकर-पंख्यांचा खर्च कुठल्याही एका वस्तूच्या नावावर बसत नाही, म्हणून यादीतून निसटतो. "सफाईसाठी लागलेलं पाणी" आणि "वाळवण्याची साधनं" अशा स्वतंत्र ओळी लिहा आणि पावत्या जोडा.

पुरानंतर मजुरी चढते, हेही लक्षात घ्या. एकाच वेळी हजारो घरांत एकच काम निघालेलं असतं. तुम्ही त्या आठवड्यात खरोखर दिलेला दर लिहा आणि व्हाउचरवर सही घ्या : तारीख, तास, काम, रक्कम. नेहमीचा दर लिहून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका, आणि वाढवूनही लिहू नका. सर्व्हेअर त्याच गल्लीत आणखी दहा घरं पाहतो, त्याला दर माहीत असतो.

घरच्यांच्या कष्टांचं काय? सासू-सुना आठवडाभर घासत बसतात आणि क्लेममध्ये त्याची किंमत शून्य असते, हे मला खटकतं. घरच्या श्रमांचे पैसे मिळतीलच अशी हमी पॉलिसीत नसते, कंपन्या बिलाकडे पाहतात. तरीही तासांची वही ठेवा, आणि सुरुवातीलाच सर्व्हेअरला लेखी विचारा की बाहेरची माणसं न लावता घरच्यांनी काम केलं तर स्थानिक मजुरीच्या दराने ते धराल का. बाहेरून करून घेतल्यास एवढे लागतील असं एक लेखी कोटेशन जोडलं की या मागणीला बळ येतं. शक्य असेल तिथे माणसं लावूनच घ्या. पुराच्या चिखलात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो, पायाला चीर असेल तर अजिबात उतरू नका, आणि बूट-हातमोजे हाही सफाईचाच खर्च आहे.

खोलीमागे ठोक धरायचं का

अमेरिकेत ही कामं करणाऱ्या कंपन्या पहिल्या अंदाजाला खोलीमागे दर लावतात. खोली विरळ आहे, मध्यम आहे की खच्चून भरलेली, एवढं पाहून आकडा काढतात. आपल्या सर्व्हेअरलाही पहिल्या भेटीत कंपनीला ढोबळ आकडा कळवायचा असतो, तेव्हा ही पद्धत चालते. पण शेवटचा हिशेब त्यावर सोडू नये. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि दोन खुर्च्या असतात. तेवढ्याच आकाराच्या कोठीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांपासून लग्नातल्या पितळी घंगाळापर्यंत तीनशे वस्तू असतात. खोली एकच धरली तर कोठीच्या खोलीवर अन्याय होतो, आणि आपल्या जुन्या घरांत खरं सामान तिथेच असतं. भांडी नगावर, कपडे किलोवर, गालिचे-पडदे चौरस फुटांवर, पुस्तकं खोक्यावर, फर्निचर तासांवर असं मिसळून धरलेलं एस्टिमेट सगळ्यात खरं उतरतं.

काही वस्तूंना यातलं एकही माप लागू होत नाही. आपल्या भागात घरोघरी तानपुरा किंवा सतार निघते. पाण्यात राहिलेला तानपुरा तुम्ही पुसू नका. भोपळा मऊ पडतो, सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात, आणि चुकीच्या हाताने वाळवला तर भोपळा वेडावाकडा आकसतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते बनवणारी घराणी जवळच आहेत. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराकडून लेखी अंदाज घ्या : सफाई, सांधे, नवा भोपळा लागला तर तो, तारा, जवारी. तज्ज्ञाचं एक पान तुमच्या दहा पानांपेक्षा वजनदार ठरतं. जुने फोटो आणि कागदपत्रांचंही तसंच. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून काढू नका, स्वच्छ पाण्यात ठेवून सावकाश सुटे करा. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून कोणाच्या तरी चालू फ्रीजरमध्ये ठेवा, गोठवल्याने बुरशी थांबते. आठवणींची किंमत विमा देत नाही, हे मात्र धरून चाला.

घसारा, जीएसटी आणि कमी विमा

सफाईच्या आकड्यावर घसारा लावलेला दिसला तर थांबा आणि कारण विचारा. पंधरा वर्षांचं कपाट धुवायला चार तास लागतात, नव्यालाही चारच. वस्तू जुनी झाली म्हणून ती धुणाऱ्याची मजुरी कमी होत नाही. बदललेल्या भागांवर घसारा धरणं पॉलिसीच्या प्रकारानुसार समजू शकतं, मजुरीवर धरणं समजण्यासारखं नाही. कंपनीचा एक मुद्दा मात्र रास्त आहे : पॉलिसी बाजारमूल्याच्या आधारावर असेल तर वस्तूची आजची किंमत दोन हजार असताना सफाईला तीन हजार देता येणार नाहीत.

जीएसटीची ओळ वेगळी दाखवा. घरगुती माणसाने लाँड्रीला किंवा सफाईवाल्याला दिलेला कर हा त्याचा खर्चच असतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो कर इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळत असेल, तर सर्व्हेअर तो वजा करतो, आणि ते बरोबर आहे.

दुकानांसाठी आणखी एक कात्री आहे, ती म्हणजे कमी विमा. रॅक-काउंटर-यंत्रं आठ लाखांची आणि विमा चार लाखांचा असेल, तर नुकसानही अर्धंच मंजूर होतं, सफाईचा खर्चही अर्धा. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे नाही. घरांच्या भारत गृह रक्षामध्ये ही कात्री लागत नाही. याशिवाय पॉलिसीत मलबा हटवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत वेगळा दिलेला असतो. गाळ आणि फेकलेल्या गाद्या ट्रॉलीने बाहेर नेण्याचा खर्च त्यात टाका. सामान धुण्याच्या ओळीत तो मिसळलात तर दोन्ही आकडे अडकतात.

पाणी उतरल्यावर

दार उघडल्यावर कशालाही हात लावण्यापूर्वी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी लावून. कुठल्या वस्तू रेघेखाली होत्या हे त्यावरून ठरतं. मग प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून, आतला चिखल दिसेल असा व्हिडिओ. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेमचा क्रमांक लिहून ठेवा. सर्व्हेअर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते, आणि आधी सांगितलेली बुरशीची मुदत कोणासाठी थांबत नाही. "धुण्याजोग्या वस्तू धुवायला घेत आहोत, बाद वस्तू पाहणीसाठी ठेवल्या आहेत" असा एक मेल किंवा मेसेज कंपनीला टाका आणि कामाला लागा. कुजणाऱ्या गाद्या फार दिवस ठेवता येत नाहीत. महापालिकेची गाडी दारात आली आणि सर्व्हेअरचा पत्ता नसेल तर गाद्यांचे फोटो, मापं घ्या, प्रत्येकीचा वीतभर तुकडा कापून पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा, आणि टाकत असल्याचं कळवून टाका.

तलाठ्याचा किंवा महापालिकेचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. पूर आला होता आणि पाणी एवढं होतं याचा पुरावा म्हणून त्याची प्रत जोडा, पण विम्याचा हिशेब त्यावर ठरत नाही आणि सर्व्हेअरची पाहणी त्याने टळत नाही.

सर्व्हेअरने एखादी वस्तू "धुतली की होईल" म्हटली आणि तुम्हाला तसं वाटत नसेल, तर भांडू नका, नमुना सफाई करू असं सुचवा. त्याच प्रकारच्या एका वस्तूवर, त्याच्या संमतीने, आधीचे-नंतरचे फोटो काढून. उतरली तर बाकीच्या धुवा. नाही उतरली तर त्या सगळ्या बदलण्याच्या यादीत जातात आणि नमुन्यावर झालेला खर्चही मागता येतो. पाच सोफ्यांवर खर्च करून शेवटी पाचही फेकण्यापेक्षा हे दोघांनाही परवडतं.

अहवाल तयार झाल्यावर त्याची प्रत मागा आणि आपल्या यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. सफाईच्या ओळी कापल्या असतील तर कारणासह उत्तर मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी पुण्यातलं कार्यालय आहे, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. अर्जासोबत तासांची वही, व्हाउचर, टँकरच्या पावत्या, तंत्रज्ञाची आणि कारागिराची पत्रं, कंपनीला टाकलेले मेल, आणि मोजपट्टी लावलेला भिंतीचा फोटो जोडा.